सातव्या फ्रेमवर थांबलेला कॅमेरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. वय ४३. वडिलांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. चौदा वर्षांपूर्वी वडील गेले, स्टुडिओ त्याच्या थोडं आधी बंद झाला होता. पत्रलेखकांकडे आठ-नऊ वर्षांपासून निकॉनचा डी७२०० आहे, सोबत १८-१४० चा झूम आणि ५० ची एक लेन्स. ते लिहितात:

‘आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे फोटो काढायला बाहेर पडतो. प्रत्येकाचा आपल्या कॅमेऱ्यावर जीव आहे. एकजण फुजीच्या एक्स१०० बद्दल बोलायला लागला की थांबत नाही. दुसरा रिकोहचा जीआर खिशात टाकून बाजारातसुद्धा जातो. तिसऱ्याने रोलवाला जुना पेंटॅक्स के१००० घेतलाय आणि त्याच्या शटरचा आवाज तो आम्हाला फोनवरून ऐकवतो. मला माझ्या कॅमेऱ्याबद्दल असं काहीच वाटत नाही. आठ महिने तो कपाटात आहे. नातेवाइकांकडे लग्न-मुंज-बारसं असलं की तेवढा बाहेर निघतो. हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो न बघता पडलेत. नव्या कॅमेऱ्यासाठी सव्वादोन लाख बाजूला ठेवलेत. पत्नी म्हणते, घ्या, पण तोही कपाटातच जाणार नाही ना? एक मित्र म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. ते फार लागलं. वडिलांचा यशिका मॅट-१२४जी चामड्याच्या कव्हरात तसाच आहे. फोटो मोजणारा काऊंटर ७ वर अडकलाय, बाकी काय बिघडलंय माहीत नाही. आठवीतली मुलगी विचारते, आजोबांच्या कॅमेऱ्याने का नाही काढत? तो दुरुस्त करण्यात अर्थ आहे, की शोभेला ठेवावा? आणि हातात घेतला की आनंद होईल असा कॅमेरा मला सांगाल का? की मी मुळात फोटोग्राफरच नाही?’

सर,

आधी घाईचं काम. यशिकाचं मागचं झाकण उघडू नका. मुलीलाही आजच सांगून ठेवा. दुरुस्तीला द्यायचा विचार असेल तर तोही थांबवा. कारण शेवटी सांगते. चामड्याच्या कव्हरातून मात्र कॅमेरा लगेच बाहेर काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते चामडं ओल धरून बसतं आणि लेन्सला बुरशी लागायला तेवढं पुरतं. एका हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. निळ्याचं गुलाबी झालं की ते बदलायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता तुमच्या मित्राची म्हण. ती तुम्हाला लागली आणि लागावी अशीच होती, पण मला ती पटत नाही. अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. कॅमेऱ्याने काही फरक पडत नाही, डोळा महत्त्वाचा, असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. असं म्हणणारे पुष्कळजण आपला कॅमेरा मात्र दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. फरक पडतो. कॅमेरा किती जड आहे, डोळ्याला लावायचा आहे की पोटाशी धरायचा आहे, आवाज करतो की नाही, समोरच्याला तो दिसतो की तुम्ही दिसता, यावर तुम्ही कुठे उभे राहता आणि किती वेळ थांबता हे ठरतं. फोटो तिथेच निम्मा ठरलेला असतो.

छोट्या कॅमेऱ्याचा जन्मच बघा. जर्मनीत वेट्झलारला लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना फोटोग्राफीची आणि भटकंतीची आवड, आणि दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा आणि तिवई घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा स्वतःसाठी बनवला. त्याचंच पुढचं रूप म्हणजे १९२५ साली बाजारात आलेला लायका. पुढे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हातात तोच छोटा, हळू आवाजाचा कॅमेरा आला. त्यावरची चकचकीत पट्टी लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून ते काळी टेप चिकटवायचे. ३० जानेवारी १९४८ ला ते दिल्लीत गांधीजींना भेटले, त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या दिवसांचे त्यांचे फोटो पाहिलेत तर लक्षात येईल, गर्दीत शिरलेल्या माणसाने काढलेले ते फोटो आहेत. मोठा कॅमेरा असता तर ते तसे आले नसते.

पण त्याच काळात दिल्लीत आपल्या होमाई व्यारावालाही होत्या. जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईत जे. जे. मध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातात रोलायफ्लेक्स असे आणि स्पीड ग्राफिकही. स्पीड ग्राफिक म्हणजे भलंमोठं धूड. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, दोन फोटो काढले की होल्डर बदला. साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत, असला कॅमेरा सांभाळत त्यांनी स्वातंत्र्याचा काळ टिपला. त्यांच्या फोटोत एक ठामपणा आहे, जागा आधी हेरून, क्षणाची वाट बघून दाबलेलं शटर आहे. यातला कोणता कॅमेरा चांगला? या प्रश्नाला काही अर्थच नाही, हो ना?

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आधी कॅमेऱ्यावर प्रेम बसतं आणि मग माणूस त्याने फोटो काढतो, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव उलटा आहे.

मी पंचवीस वर्षं एका जिल्हा दैनिकासाठी फोटो काढले. १९९४ मध्ये फोर्टातल्या बोरा बाजारातून जुना निकॉन एफएम२ घेतला, तीन महिन्यांचा पगार त्यात गेला. मला तो आवडला म्हणून घेतला नव्हता. तेवढ्या पैशात तोच मिळत होता. आणि तो मला त्रास द्यायचा. त्या कॅमेऱ्याचा रोल पुढे सरकवायचा दांडा थोडा बाहेर ओढला तरच शटर मोकळं होतं आणि उजेड मोजणारं मीटर चालू होतं. मी डाव्या डोळ्याने बघते. त्यामुळे तो दांडा दिवसभर माझ्या कपाळाला टोचायचा. पहिले सहा महिने मी त्याच्यावर चिडलेलीच होते.

मग १९९७ ची वारी. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना. माझ्या कॅमेऱ्याच्या आत तीन बारीक लाल दिवे लागायचे, उजेड जास्त, बरोबर, कमी, एवढंच सांगणारे. ते विझले. दोन बटणसेल गेले, दुसरे जवळ नव्हते. पण एफएम२ चं शटर सेलवर चालत नाही, ते आतल्या स्प्रिंगांवर चालतं. सेल फक्त मीटरपुरता. चारशे आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा), काळं आभाळ, म्हणून अंदाजाने शटर सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागावर आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ वर लावलं आणि काढत राहिले. दोन्ही रांगांच्या मधून अश्व दौडत आला तेव्हा माझा अंगठा, बोट, डोळा कुणालाच काही विचारत नव्हते. रात्री रोल धुतला, निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि फ्रेमा उमटलेल्या दिसल्या. त्या रात्री तो माझा आवडता कॅमेरा झाला. तीन वर्षं लागली. कपाळाला टोचणारा दांडा तसाच होता, फक्त त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

म्हणून तुमच्या मित्रांच्या गप्पा जरा वेगळ्या कानाने ऐका. एक्स१०० वाला मित्र नक्की कशाचं कौतुक करतो? बहुधा हे की लेन्स बदलताच येत नाही, शटरचा वेग आणि ॲपर्चर हाताने फिरवायच्या चकत्यांवर आहेत, आवाज जवळजवळ नाही, आणि खिडकीतून बघितलं तर चौकटीच्या बाहेरचं माणूसही आत यायच्या आधी दिसतं. जीआरवाल्याला काय आवडतं? कॅमेरा पाव किलोचा आहे, एका हाताने चालतो, आणि दोन मीटरवर फोकस आधीच बांधून ठेवला की फोकस करायला थांबावंच लागत नाही. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं रिकोहचे हे छोटे कॅमेरे घेऊन रस्त्यावर हिंडत आले आहेत, ते याचसाठी. के१००० वर तर काही नाहीच. उजेड दाखवणारा एक काटा, तो मधे आणायचा, दाबायचं. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो जवळजवळ तसाच बनत राहिला. तिघांच्या कौतुकात एक गोष्ट सारखी आहे. त्यांचे कॅमेरे त्यांना कमी पर्याय देतात. आनंद त्या कमतरतेतून येतोय.

न्यूयॉर्कचे बिल कनिंगहॅम आठवतात. निळा कोट, सायकल, रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपत आयुष्यभर फिरले. त्यांना १९६७ च्या सुमारास एका फोटोग्राफर मित्राने ऑलिम्पस पेन-डी दिला. अर्ध्या फ्रेमचा, ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो निघणारा, ३५ डॉलरच्या आसपास किमतीचा. देताना सांगितलं, वहीसारखा वापर. सर, मला ही कॅमेऱ्याबद्दलची सगळ्यात उपयोगी सूचना वाटते. वही आपल्याला आवडते का, असा प्रश्न कुणी विचारत नाही. ती भरत जाते आणि मग ती आपली होते.

आता जे तुम्ही पत्रात सहज, जाता जाता लिहून गेलात, त्याकडे वळते. ‘लग्न-मुंज-बारसं असलं की तेवढा बाहेर निघतो.’ आठ महिन्यांत किती कार्यं झाली? मला वाटतं तुमचं दुखणं तिथे आहे. डी७२०० तुम्ही हौसेने घेतला आणि नातेवाइकांनी तो कधी ताब्यात घेतला हे तुम्हाला कळलंही नाही. ‘दादा, कॅमेरा आण हं!’ मग दिवसभर उभं राहायचं, जेवणाच्या पंगतीत शेवटी बसायचं, रात्री आठशे फोटो उतरवायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘पाठवलेस का रे?’ चालू. त्या अकरा हजारांपैकी तुमचे स्वतःचे, तुम्हाला काढावेसे वाटले म्हणून काढलेले किती? मोजून बघा. ज्या कॅमेऱ्याला हात लावला की देणं आठवतं, तो हातात घ्यावासा वाटत नाही. यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. नवा घेतलात आणि तो घेऊन मामेबहिणीच्या लग्नाला गेलात, तर वर्षभरात तोही त्याच कपाटात जाईल. वहिनींची शंका रास्त आहे.

तेव्हा पहिलं काम पैसे न लागणारं. सहा महिने कुठल्याही कार्याला कॅमेरा न्यायचा नाही. नातेवाइकांना आधी सांगा, त्या दिवशी सकाळी नको. ‘यंदा मी पंगतीत पहिल्यांदा बसणार आहे, फोटोला कुणीतरी ठरवा’ एवढं पुरे. एक-दोघांना वाईट वाटेल. गावात लग्नांवर पोट असलेला एखादा तरुण फोटोग्राफर असेलच, त्याचं नाव सुचवा. तुमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, फुकट काम करणाऱ्या हौशी माणसामुळे कुणाचं काम जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला शब्द देऊन बसला असाल तर तेवढा पाळा आणि थांबा.

दुसरं काम हार्ड डिस्कचं. अकरा हजार फोटो आवरायला बसू नका, कुणालाच ते होत नाही. रोज वीस मिनिटं फक्त पाहत जायचं आणि थांबावंसं वाटेल तो फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा. पुसायचं काही नाही. शेवटी साठ उरले तर त्यांचे पोस्टकार्ड साइजचे प्रिंट काढा आणि जेवणाच्या टेबलावर पसरा. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर, म्हणजे झूम कुठल्या आकड्यावर ठेवून काढलाय हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ते प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहा. झूम असलेला माणूस सगळं वापरतो असं त्याला वाटतं, आणि आवडते फोटो एक-दोन आकड्यांपाशीच सापडतात. तो आकडा तुमचा.

तिसरं काम मला फार आवडतं आणि नवीन कॅमेरा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी ते करायला लावते. तुमच्या तिन्ही मित्रांचे कॅमेरे तुमच्या पिशवीत आधीच आहेत. डी७२०० चा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, नेहमीच्या रोलच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे लेन्सवरच्या आकड्याला दीडने गुणायचं. झूम १८ वर ठेवलात तर तो २७, म्हणजे जवळजवळ जीआरची २८. चोवीसवर ठेवलात तर ३६, म्हणजे एक्स१०० ची ३५. पस्तीसवर ठेवलात तर ५२, म्हणजे के१००० वर बहुतेकदा असते ती पन्नासची लेन्स. यातला एक आकडा निवडा आणि झूमची कडी कागदी टेपने चिकटवून टाका. मागच्या पडद्यावरही पुठ्ठा चिकटवा. एक महिना तसंच वापरा, मग दुसरा आकडा. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. दुसऱ्या आठवड्यात पाय आपोआप पुढे-मागे व्हायला लागतील. महिनाअखेरीही गुदमरल्यासारखंच वाटत असेल तर एका लेन्सचा कॅमेरा तुमच्यासाठी नाही, आणि हे ज्ञान तुम्हाला दहा रुपयांच्या टेपमध्ये मिळालं.

तुमच्याच कॅमेऱ्याच्या चकतीवर यू१ आणि यू२ अशा दोन जागा आहेत, त्या बहुतेक लोक कधीच वापरत नाहीत. यू१ मध्ये ॲपर्चर एफ ५.६, शटर २५० च्या खाली जाऊ नये अशी सोय आणि आयएसओ आपोआप, एवढं एकदा भरून ठेवा. मग रविवारी पहाटे मेन्यूत शिरायचं नाही. कॅमेरा आणि झूम मिळून सव्वा किलो होतात. खांद्याला ते जाणवत असेल तर पट्टा बदला, किंवा ५० ची छोटी लेन्स लावून निघा.

हे सगळं केल्यावरही हा कॅमेरा नकोसाच वाटला, तर तो नकोच. मी तुम्हाला संन्यास घ्यायला सांगत नाहीये. वस्तूचा आनंद खरा असतो. चांगल्या कॅमेऱ्याची चकती फिरवताना बोटाला जी बारीक खटखट लागते ती मला अजून आवडते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घ्यायच्या आधी मित्राचा कॅमेरा एक पूर्ण रविवार मागून घ्या, किंवा पुण्या-मुंबईत दोन दिवस भाड्याने घ्या. दुकानात पाच मिनिटं हाताळून कळत नाही. घरी आल्यावर स्वतःला विचारा: नाक कुठे आपटत होतं? न बघता अंगठा हवा तिथे जात होता का? चष्मा लावून चौकटीचे चारही कोपरे दिसत होते का? समोरच्या माणसाने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं की तुमच्याकडे? किती मेगापिक्सेल, हा प्रश्न यात येत नाही. तुमच्या २४ मेगापिक्सेलमधून भिंतीवर लावण्याएवढा मोठा प्रिंट आरामात निघतो. आणि सव्वादोन लाख सगळे एका डब्यात घालू नका. हौस भागवायला त्याच्या निम्म्यातलाही जुना, चांगल्या स्थितीतला कॅमेरा मिळतो. उरलेल्यात प्रिंट काढा, प्रवास करा.

‘मी मुळात फोटोग्राफरच नाही का?’ या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण ते तुम्हाला कशालाच लागत नाही. शिकागोच्या व्हिव्हियन मायर दुसऱ्यांची मुलं सांभाळायचं काम करत. रोलायफ्लेक्स गळ्यात अडकवून रस्त्यावर फिरत आणि फोटो काढत. लाखाच्या वर निगेटिव्ह. कुणाला दाखवल्या नाहीत, कितीतरी रोल धुतलेसुद्धा नाहीत. २००७ मध्ये त्यांचं सामान लिलावात निघालं तेव्हा जगाला पत्ता लागला. २००९ मध्ये त्या गेल्या. आज त्यांचे फोटो जगभर पाहिले जातात.

रोलायफ्लेक्सची गोष्ट काढली कारण तुमच्या वडिलांचा यशिका त्याच कुळातला आहे. दोन लेन्स, वरची बघायला, खालची फोटो काढायला. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकवायचं. या कॅमेऱ्याची गंमत अशी की फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावी लागते. डोळ्याला लावलेला कॅमेरा समोरच्यावर रोखल्यासारखा असतो, हा तसा नाही. फोटो काढणारा नमस्कार करतोय असं वाटतं. स्टुडिओत पहिल्यांदाच आलेल्या, पदर सावरून ताठ बसलेल्या आजीबाईंना याने केवढा धीर येत असेल! शिवाय काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे सरकला की चित्रात तो उजवीकडे जातो. नवशिक्याला त्याने घेरी येते. तुमच्या वडिलांच्या अंगात ते इतकं मुरलं असणार की ‘ताई, मान जरा इकडे’ म्हणताना ते चुकत नसतील. हा कॅमेरा शोभेला ठेवायचा नसतो, सर.

रोल आणि धुलाई महाग झाली आहे हे खरं, आणि कोकणातून रोल मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवावा लागेल. पण ब्लॅक अँड व्हाइट तुम्ही घरीच धुऊ शकता, आणि हे मी दुसऱ्या कुणाला इतक्या निर्धास्तपणे सांगितलं नसतं. डी-७६ नावाचं जुनं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, घ्या. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट, नाहीतर मेटॉल विरघळत नाही. मग चित्र पक्कं करायला हायपो. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. भांडी स्वयंपाकघरातली नकोत. पाणी २० अंशांवर हवं, आपल्याकडे मे महिन्यात नळाला तीस अंशांचं येतं, तेव्हा बाहेरच्या टबात बर्फ. आठवीतली मुलगी घड्याळ धरून शेजारी उभी राहील. कॅमेऱ्यातल्या मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, त्याची काळजी करू नका, फोनवरचं लाइट मीटर पुरतं.

आता झाकणाचं.

१२४जी चा काऊंटर मागचं झाकण उघडलं की आपोआप सुरुवातीला जातो. तुम्ही लिहिलंत, ७ वर अडकलाय. मला वाटतं तो अडकलेला नाही. आत रोल आहे. बारा फ्रेमांचा रोल, सातव्या फ्रेमवर थांबलेला, आणि शेवटचं शटर दाबलं ते बहुधा तुमच्या वडिलांनी.

मेकॅनिकच्या हातात दिला असता तर त्याने पहिल्यांदा झाकणच उघडलं असतं. म्हणून घाई. चौदा वर्षांहून जुनी फिल्म धुरकट झाली असेल. ब्लॅक अँड व्हाइट असेल तर काहीतरी निघायची आशा चांगली आहे, रंगीत असेल तर रंग गेलेले असतील, आकार दिसतील. तुम्ही आधी एखादा नवा रोल धुऊन हात बसवा, हा पहिलाच प्रयोग नको.

रोल बाहेर काढायचा तर तो शेवटापर्यंत फिरवावा लागेल. या कॅमेऱ्यात शटर दाबल्याशिवाय क्रँक, म्हणजे रोल फिरवायचा दांडा, पुढे जात नाही, म्हणजे उरलेल्या पाच-सहा वेळा शटर दाबावंच लागणार. लेन्सला टोपी लावून दाबायचं की उघड्या लेन्सने, ते तुमच्या घरच्यांनी मिळून ठरवा. उघड्याने दाबणार असाल तर सकाळच्या भरपूर उजेडात, अंगणात, आणि नेहमीपेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), जुन्या फिल्मला तेवढा लागतो. क्रँक जोराने फिरवू नका. अडली तर तिथेच थांबा, रात्री बाथरूमची फट न् फट बुजवून, मिट्ट काळोखात झाकण उघडा आणि रोल हाताने गुंडाळून घ्या. न अडता बारा झाले तर क्रँक मोकळी फिरायला लागेल, आणखी बरीच फिरवा म्हणजे कागद पूर्ण गुंडाळला जाईल. मग सावलीत झाकण उघडा. रोलच्या टोकाला कागदी पट्टी असते, तिला गोंद असतो. वडिलांनी तिला जीभ लावून चिकटवताना तुम्ही हजारदा पाहिलं असेल. तशीच चिकटवा, घट्ट, आणि पट्टीवर फिल्मचं नाव काय आहे ते मला कळवा. त्यावरून किती मिनिटं धुवायचं ते सांगते.